व्हॅम्पायर मुनीम आणि आपला ‘न’



मागच्या महिन्यात एका जवळच्या कार्यकर्त्या मित्राने मला अडवून विचारलं, “दादा, तुम्ही बावीस प्रतिज्ञांवर बोलता, जादूटोणाविरोधी कायदा शाळाशाळांत समजावून सांगता, अन् कानात भुताची गोष्ट लावून एकटेच हसता. पोरांनी यातून काय घ्यायचं?” प्रश्न सरळ होता. आणि तो एकट्या त्याचा नाही. चळवळीत करमणुकीचं नाव काढलं की अनेकांच्या कपाळावर आठी पडते. म्हणून उत्तर चारचौघांत देतो.

आधी गोष्ट काय ती सांगतो. ड्रू हेज नावाच्या अमेरिकन लेखकाचं एक इंग्रजी पुस्तक २०१४ साली आलं. नाव लांबलचक आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘फ्रेड या व्हॅम्पायर अकाउंटंटच्या अत्यंत नीरस आणि साहसशून्य कथा’. व्हॅम्पायर म्हणजे रक्त पिऊन जगणारा, उजेडाला भिणारा, मेलेला पण न संपलेला माणूस. मराठी वाचकाला तो अगदीच अनोळखी नाही. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली, ती वाचून आपल्यातल्या कितीतरी जणांनी रात्री खिडकीची कडी दोनदा तपासली असेल. पण फ्रेडला पाहून कोणी कडी लावणार नाही. तो हिशेब लिहिणारा साधा माणूस. कोणीतरी त्याला व्हॅम्पायर करून गल्लीत टाकून देतं. अंगात ताकद येते, अमरत्व येतं, आणि स्वभाव होता तोच राहतो. तो बिनबाह्यांचे स्वेटर घालतो, लोकांचे टॅक्सचे कागद नीट लावून देतो आणि भांडण दिसलं की दुसऱ्या रस्त्याने जातो. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला जातो तर तिथं रक्तपात सुरू होतो, आणि याला काळजी असते ती कोणाला दुखापत होऊ नये याची. पुढं त्याच्याभोवती माणसं जमत जातात. त्यांत मेल्यावर पुन्हा उठवलेला एक भला पोरगा आहे, त्याला उठवणारा त्याचा चिडका मित्र आहे, रसायनांत रमलेली एक बाई आहे आणि रूप बदलणारा एक ट्रक ड्रायव्हरही आहे. सरकारी एजंट असलेली एक जुनी मैत्रीण, क्रिस्टल, या सगळ्यांना पुरून उरते. जगाच्या दृष्टीने एका पंगतीत न बसणारी ही मंडळी हळूहळू एकमेकांचं घर होतात.

हे मी वाचलं नाही, ऐकलं. कुठं ऐकलं तेही सांगतो, कारण त्याचा मुद्द्याशी संबंध आहे.

मी पुसेगावचा. पुसेगाव म्हटलं की बाहेरच्यांना साताऱ्याचं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. सोयाबीन, हळद, तूर, आणि रब्बीत हरभरा-गहू. विहिरीत पाणी असलं तरी मोटारीला थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्री येते, त्यामुळं गव्हाला पाणी द्यायला माणूस रात्रीच बांधावर उभा. थंडी मी म्हणते, पाय चिखलात, हातात बॅटरी, डोक्यात सापाची आणि रानडुकराची भीती. अशा वेळी एका कानात इअरफोन घालायचा. दुसरा कान मोकळा ठेवायचा, कारण डुक्कर काही आपली गोष्ट संपायची वाट पाहत नाही. पहिले दोन-तीन दिवस इंग्रजी अर्धंच समजलं. मग वेग पाऊण केला, तेव्हा वाक्यं सुटी झाली. दारं मोडायला, म्हणजे एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवायला, जेवढा वेळ लागतो तेवढ्यात फ्रेडचा एखादा प्रसंग संपायचा. रात्रभर जागून हिशेब करणारा व्हॅम्पायर आणि रात्रभर जागून पाणी देणारा मी! आमच्या दोघांच्या कामाच्या वेळा कोणी ठरवल्या, यावर एकदा त्याच्याशी बोलायला हवं.

वाचणाऱ्याचं नाव कर्बी हेबॉर्न. माझी निम्मी मजा त्याच्या आवाजात होती. विनोद वाचताना वाचणारा स्वतःच आधी हसला की ऐकणाऱ्याचं हसू मरतं. हा बाबा अजिबात हसत नाही. फ्रेडचा आवाज तो नीटनेटका, किंचित संकोची ठेवतो. समोर जनावर दात विचकत असतानाही फ्रेड जणू पावतीवरची तारीख चुकली आहे अशा सुरात बोलतो, आणि तिथंच आपण फुटतो. आणखी एक गोष्ट माझ्या कानाने टिपली. ट्रक ड्रायव्हर बब्बाचं बोलणं गावाकडचं आहे. पण त्याच्या बोलीची टिंगल होत नाही. तो गावाकडचा बोलतो आणि तरीही शहाणा, भरवशाचा मित्र असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता मित्राच्या आक्षेपाकडं वळू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या प्रतिज्ञांत देव-अवतार न मानण्याचं आहे, श्राद्ध-पिंडदान न करण्याचं आहे. गोष्ट ऐकून हसू नये असं त्यात कुठंही नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आपण वर्षावासात वाचतो. त्यात सिद्धार्थाच्या ध्यानाच्या वेळी मार येतो, तेव्हा बाबासाहेब काय करतात? ते त्याला गाळत नाहीत. पुराणाच्या भाषेत ज्याला मार म्हणतात ते मनातले दुष्ट विचार-विकार, असा उलगडा करून पुढं जातात. गोष्टीतल्या राक्षसाला राक्षस मानून घाबरणं वेगळं आणि त्याचा अर्थ लावणं वेगळं. भोंद्याला यातला फक्त पहिला भाग चालतो.

आणि घाबरण्याचा इतिहास काढायचाच असेल तर नीट काढू. मराठवाड्यात भानामतीचं, करणीचं नाव निघालं की बोट कोणाकडं जायचं? वाड्याकडं कधीच नाही. ते जायचं मांगवाड्याकडं, महारवाड्याकडं, गावकुसाबाहेरच्या एखाद्या म्हाताऱ्या विधवेकडं. कोणाची म्हैस आटली, कोणाचं लेकरू फणफणलं, की ‘त्यांनीच केलं’. भुताची भीती हवेत तरंगत नव्हती. तिला पत्ता होता आणि तो आपल्या घराचा होता. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो या पत्त्यावर जाणाऱ्या दगडांना अडवण्यासाठीही आहे. भीतीचा धंदा बंद पाडायला कायदा हवाच. पण जी गोष्ट भुतालाच हास्यास्पद करते ती या धंद्याच्या बाजूची की विरुद्ध बाजूची? ज्याने फ्रेडला टॅक्सचे कागद भरताना ऐकलं त्याला लिंबू-बाहुली दाखवून पैसे काढणं अवघड जाणार आहे, हे मी खात्रीने सांगतो.

शिवाय आपल्याकडच्या भुतांना जात आहे, याकडं कधी लक्ष दिलंत का? पिंपळावरचा मुंजा घ्या. मुंजा व्हायचं तर आधी मुंज व्हावी लागते. ब्रह्मसमंध तर नावातच दाखला घेऊन फिरतो. म्हणजे आमचं पोरगं लहान वयात मेलं तरी त्याला ती पोस्ट मिळणार नव्हती. भूत होण्यात शंभर टक्के आरक्षण, आणि त्याविरुद्ध एकही मोर्चा निघाला नाही! २०२४ साली आलेला ‘मुंज्या’ हा हिंदी सिनेमा तुम्ही पाहिला असेल. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. त्यांनीच २०२२ मध्ये मराठीत ‘झोंबिवली’ केला आणि २०२५ मध्ये व्हॅम्पायरच्या जातकुळीतला, बेताळांचा ‘थामा’. म्हणजे भय आणि विनोद यांचं मिश्रण मराठी माणसाला जमतं आणि लोकांना आवडतं. ‘झोंबिवली’त तर वस्ती आणि टॉवर यांच्यातलं पाण्याचं भांडण आहे. पण मुंजाच्या गळ्यातल्या जानव्यावर मनसोक्त विनोद कोणी करायचा? तो आपणच करू शकतो, कारण त्याच्या पिंपळाखालून जाताना आपल्या आज्याला दोन भीती असायच्या. एक भुताची, दुसरी पिंपळाच्या पारावर बसलेल्या जिवंत माणसांची.

व्हॅम्पायरचा एक जुना नियम आहे. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’पासून तो चालत आलाय. आतल्या माणसाने बोलावल्याशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नाही. हे ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. हा नियम आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला होता! पाटलाच्या वाड्यात बोलावल्याशिवाय जायचं नाही, बोलावलं तरी ओसरीच्या खाली. फरक एवढाच, की आत शिरून रक्त पिणारा आमचा आजा नव्हता. रक्त पिणारा आधीपासूनच आत राहत होता.

आणि तो आत राहणारा कशाच्या जोरावर राहायचा? रक्ताच्याच. स्टोकरचा ड्रॅक्युला सरदार आहे. किल्ल्यात आलेल्या पाहुण्याला तो आपल्या घराण्याच्या रक्ताचा मोठेपणा सांगत बसतो. हा सूर आपल्याला चांगला ओळखीचा आहे. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात जातीचं मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखवलं. पुढं १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये रक्तशुद्धीचा दावा दे. रा. भांडारकरांचा दाखला देऊन खोडून काढला. या देशात परक्या रक्ताची भेसळ नसलेला वर्ग वा जात सापडणं कठीण, असा तो दाखला. या पार्श्वभूमीवर फ्रेड ऐका. त्याला घराणं नाही. ज्याने त्याला व्हॅम्पायर केलं तोच सोडून पळालाय. त्याच्याकडं वंशावळ नाही, किल्ला नाही, फक्त काम आहे आणि कामातली सचोटी आहे. आणि त्याचं घर तयार होतं ते रक्ताच्या नात्याने नव्हे. गंमत बघा, रक्तावर जगणाऱ्याच्याच गोष्टीत रक्ताला किंमत उरत नाही! लेखकाच्या मनात हे असेल असा माझा अजिबात दावा नाही. पण ऐकणारा स्वतःचं गाव घेऊनच ऐकतो.

मला खरं म्हणायचंय ते आता म्हणतो. गेली पन्नास वर्षं मराठी साहित्याच्या दरबारात आपल्यासाठी एक खुर्ची राखून ठेवलेली आहे. तिच्यावर लिहिलंय ‘व्यथा’. १९७८ च्या ‘बलुतं’नंतर आत्मकथनांनी मराठीचा चेहरा बदलला, त्याचा अभिमान आहेच. पण त्या अभिमानाचा आता नियम होऊ लागलाय. दलिताने लिहावं तर भुकेवर, बोलावं तर अत्याचारावर, आणि हसवावं तर लोकनाट्यात, तेही प्रबोधनापुरतं. कल्पनेचं राज्य, भुतंखेतं, चेटकिणी, उडत्या गाड्या, निव्वळ मजा हा माल इतरांचा. का? दिवसभर अपमान गिळणाऱ्याला रात्री अकारण हसण्याचा हक्क नाही? निव्वळ रंजन हे ज्याचं पोट भरलंय त्याचं, असं मानलं की विषमता आपणच पुरी करून देतो.

अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांनी हे भांडण केव्हाच मांडलं. आपल्याकडं १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, त्याच वर्षी तिकडं ‘ब्लॅक्युला’ नावाचा सिनेमा आला. गुलामांचा व्यापार थांबवायला मदत मागणाऱ्या आफ्रिकी राजपुत्राला ड्रॅक्युला चावतो, अशी त्याची सुरुवात. ऑक्टेव्हिया बटलर या लेखिकेने २००५ मध्ये ‘फ्लेजलिंग’ लिहून व्हॅम्पायरांच्या जगात वर्णद्वेष दाखवला. २०२५ च्या ‘सिनर्स’मध्ये १९३२ च्या मिसिसिपीतल्या काळ्या वस्तीच्या दाराशी व्हॅम्पायर येतो, आत घ्या म्हणतो, आमच्यात या, मग भेदभाव नाही म्हणतो, आणि डोळा असतो पोराच्या गाण्यावर. समतेच्या जागी समरसता विकणारे ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही.

पण मी माझ्या फ्रेडला या थोर यादीत बसवणार नाही. तो हलकाफुलका आहे आणि हलकाफुलकाच मला हवा होता. मी परत येतो बब्बाच्या बोलीकडं, म्हणजे आवाजाकडं.

२०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आलं आणि मराठी पुस्तकं ऐकण्याची सवय हळूहळू वाढली. मीही भरपूर ऐकतो. काही वाचणारे फार गुणी आहेत. पण मी ऐकलेल्या बऱ्याच मराठी गोष्टींत एक ठरलेली आवाजांची उतरंड आहे. गोष्ट सांगणारा, नायक, डॉक्टर, प्राध्यापक, झालंच तर सुशिक्षित भूत, हे सगळे एका विशिष्ट शहराच्या विशिष्ट पेठांतलं मराठी बोलतात. आणि ‘व्हय जी’, ‘पानी आनू का’ म्हणणारा आवाज येतो तो वॉचमनचा, मोलकरणीचा, नाहीतर पहिल्याच प्रकरणात मरणाऱ्या गड्याचा. बोली येते ती हसण्यासाठी किंवा मरण्यासाठी. गोष्ट सांगण्यासाठी येत नाही.

कॉलेजात असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मी बाबासाहेबांच्या पाण्याच्या लढ्यावर बोललो. महाड, २० मार्च १९२७. परीक्षक म्हणाले, विषय उत्तम, पण ‘पाणी’ला तीनदा ‘पानी’ म्हणालात, गुण कापावे लागतील. ज्या पाण्यासाठी माणसांची डोकी फुटली त्या पाण्यात यांना फक्त ‘ण’ दिसला! ‘न’ म्हणणाऱ्या जिभेला शुद्ध करून मगच माईक द्यायचा, ही अट कोणी घातली? ण म्हणता येणं चांगलंच आहे, पोरांनी ते शिकावं, इंग्रजीही शिकावं. पण कथा सांगण्याचा परवाना ‘ण’वर अवलंबून नाही.

आणि ऐकवण्याची परंपरा आपल्याला कोणी शिकवायची? ‘मूकनायक’ १९२० साली निघाला तेव्हा आपल्यात वाचता येणारे किती होते? एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असाच तो पोचला. जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी, पुढं कॅसेटी, हा सगळा कानांचाच इतिहास आहे. आमच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. माझ्या लहानपणी एक म्हातारे बाबा वाचायचे. चष्म्याची एक काडी दोऱ्याची. ते सावकाश, बोटाने ओळ धरून वाचत. अवघड शब्द आला की थांबत, तो आपल्या बोलीत सांगत आणि पुढं जात. त्यांच्या तोंडी तथागतसुद्धा ‘पानी’च प्यायचे. कोणाच्याही श्रद्धेला धक्का बसला नाही. हेबॉर्नचा तो न हसणारा आवाज ऐकताना मला वारंवार हे बाबा आठवत. वाचणाऱ्याचा मजकुरावर विश्वास असला की आवाजाला नटावं लागत नाही.

तर मित्राला मी तोंडी उत्तर दिलं ते एवढंच. बाकीचं उत्तर सध्या अभ्यासिकेतल्या पोरापोरींच्या हातात आहे. त्यांना मी फ्रेडची गोष्ट तीन संध्याकाळी आपल्या भाषेत सांगितली. चौथ्या दिवशी अकरावीतली एक मुलगी वही घेऊन आली. तिने फ्रेडची नक्कल केली नव्हती. स्वतःचं भूत घडवलं होतं. हळदीच्या अडत दुकानातला मुनीम, मेला तरी त्याला काम सुटलेलं नाही. रात्री उठतो आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या तपासतो. हमाली, तोलाई, कडता, उचल, उचलीवरचं व्याज. तपासता तपासता भूतच घाबरतं. सकाळी शेठ आल्यावर कपाटामागून विचारतं, “मालक, रगत पित्यात ते आम्ही का तुम्ही?” 

रेकॉर्डिंग आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत मोबाईलवर केलं. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, त्यामुळं सगळे घामाघूम. तिने सगळी गोष्ट एकटीने वाचली, मुनिमाची, शेठची आणि सांगणाऱ्याचीही. आणि तिन्ही आवाज आमच्याच गावचे होते. ‘पानी’ पाच वेळा आलं, एकदाही कापलं नाही. मध्येच बाहेर कुत्रं केकाटलं, तेही राहू दिलं. भुताच्या गोष्टीत ते फुकट मिळालं. ऐकायला बसलेल्या एका आजीने शेवटी एकच शंका काढली, “मेल्या मुनिमाला पगार कोन देते गं?” मुलगी वहीत बघत राहिली. दुसऱ्या भागात मुनीम त्याच्या थकलेल्या पगाराचा हिशेब काढणार आहे.